जीमॅट : एका प्रवेशपरीक्षेची सत्तर वर्षं

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर केला तेव्हा नेहमीच्या श्रोत्यांपैकी दोघातिघांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत प्रवेशपरीक्षेचं काय काम? क्लासवाल्यांचा विषय तुम्ही कशाला घेता? प्रश्न रास्त आहे. पण परीक्षा हीसुद्धा एक संस्था असते. तिला जन्मतारीख असते, तिला जन्म देणारी माणसं असतात, त्यांची काही गरज असते. आणि किल्ल्याचं किंवा कायद्याचं होतं तेच परीक्षेचंही होतं. ज्या कामासाठी ती बांधली, ते काम बाजूला राहतं आणि लोक तिचा वापर भलत्याच कामासाठी करू लागतात.

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, म्हणजे आपण ज्याला एमबीए म्हणतो त्यासाठी, जगभर घेतली जाणारी जीमॅट ही अशीच एक परीक्षा आहे. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर तिचा अभ्यास करणारी मुलंमुली तुमच्याही घरात किंवा शेजारी असतील. त्यांना मिळणाऱ्या तीन अंकी आकड्यावर कुठल्या देशात जायचं, किती कर्ज काढायचं, कधीकधी लग्न कधी करायचं इथपर्यंतचे निर्णय ठरतात. तो आकडा मुळात कुणी, कशासाठी तयार केला, आणि त्याच्यावर एवढं ओझं कसं आलं, ते आज पाहायचं आहे.

सुरुवात १९५३ पासून करायला हवी. त्या वर्षी अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूल्सनी एकत्र येऊन ठरवलं, की आपल्याला एक सामायिक प्रवेशपरीक्षा हवी. त्यात हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, नॉर्थवेस्टर्न ही बडी नावं होती. रटगर्स, सेटन हॉल आणि सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठही होतं. परीक्षा बनवण्याचं काम प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसला, म्हणजे ईटीएसला दिलं गेलं. पहिली परीक्षा फेब्रुवारी १९५४ मध्ये झाली. तेव्हा तिचं नाव जीमॅट नव्हतं. ‘ॲडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस’ असं लांबलचक, सरकारी वळणाचं नाव होतं. जीमॅट हे नाव आलं १९७६ मध्ये.

आता १९५३ च का? याची मुळं महायुद्धात आहेत. जून १९४४ मध्ये अमेरिकेत जीआय बिल नावाचा कायदा झाला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करणार, असं त्यात होतं. सुमारे बावीस लाख माजी सैनिक त्या कायद्याच्या आधाराने कॉलेजात गेले. त्याआधी बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश म्हणजे तसा घरगुती मामला होता. व्हार्टन १८८१ ची, डार्टमथची टक १९०० ची, हार्वर्डची १९०८ ची. अर्ज करणारा कुठल्या कॉलेजचा आहे, तिथल्या प्राध्यापकांनी काय लिहिलंय, भेटीत कसा बोलला, यावर काम भागायचं. घराणं माहितीचं असेल तर आणखी सोपं. पण आता आयोवाच्या किंवा टेक्ससच्या, ज्याचं नावही ऐकलेलं नाही अशा कॉलेजातला, मध्ये तीन वर्षं युद्धावर गेलेला माणूस अर्ज घेऊन दारात उभा. त्याच्या गुणपत्रिकेतला ‘बी’ आणि येलच्या मुलाचा ‘बी’ यांची तुलना करायची कशी? एकच फूटपट्टी सगळ्यांना लावावी, ही गरज तिथून आली. यात न्यायाची भावना होती, आणि सोयही होती. दोन्ही गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही.

फूटपट्टी मात्र तयारच होती. तिचा इतिहास थोडा काळा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सैनिकांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. लिहितावाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’, न येणाऱ्यांसाठी ‘आर्मी बीटा’. सुमारे सतरा लाख माणसं या चाचणीतून गेली. एवढ्या माणसांना एका वेळी, एका मापाने, एकाच घड्याळावर मोजता येतं, हे जगाला पहिल्यांदाच दिसलं. या कामातला एक तरुण मानसशास्त्रज्ञ होता कार्ल ब्रिगहॅम, पुढे प्रिन्स्टनचा प्राध्यापक. त्याने १९२३ मध्ये ‘अ स्टडी ऑफ अमेरिकन इंटेलिजन्स’ हे पुस्तक लिहिलं. सैनिकांच्या गुणांवरून त्यात निष्कर्ष असा काढला, की उत्तर युरोपातून आलेले वंश श्रेष्ठ आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले, तसेच कृष्णवर्णीय, कनिष्ठ. याच ब्रिगहॅमने आर्मी चाचणीच्या धर्तीवर कॉलेज प्रवेशासाठी एसएटी तयार केली. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांनी ती पहिल्यांदा दिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९३० मध्ये ब्रिगहॅमने आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. नुकताच आलेला इटालियन माणूस चाचणीत मागे पडतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर भाषा आणि परिसर वेगळा म्हणून, हे त्याला पटलं. स्वतःचं नाव ज्या पुस्तकाने झालं ते पुस्तकच मोडीत काढणारे विद्वान फार नसतात, म्हणून हे आवर्जून सांगतो आहोत. पुढे सगळ्या परीक्षा एकाच मोठ्या संस्थेच्या हातात द्याव्यात, या कल्पनेलाही त्याने विरोध केला. परीक्षा विकणारी संस्था परीक्षेतले दोष शोधणार नाही, अशी त्याची भीती होती. १९४३ मध्ये तो वारला. १९४७ च्या डिसेंबरात ईटीएस स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले हेन्री चॉन्सी, हार्वर्डमधले परीक्षांचे मोठे पुरस्कर्ते. १९४८ च्या फेब्रुवारीत लॉ स्कूल्सची सामायिक परीक्षा सुरू झाली. वैद्यकीयची तर १९२८ पासूनच होती. बिझनेस स्कूल्स या पंगतीत सगळ्यात शेवटी बसल्या.

इथे जरा यंत्राबद्दल बोलू, कारण यंत्राशिवाय हे झालंच नसतं. हजारो उत्तरपत्रिका तपासायला माणसं कुठून आणणार? मिशिगनमधल्या आयर्नवुड गावात रेनल्ड जॉन्सन नावाचा शाळामास्तर होता. पेन्सिलीच्या शिशातून, म्हणजे ग्रॅफाइटमधून, वीज वाहते, या साध्या गोष्टीवर त्याने यंत्र बनवलं. लहानपणी तो बहिणींना भेटायला येणाऱ्या पोरांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीने रेघा ओढून ठेवायचा आणि गाड्या सुरूच व्हायच्या नाहीत, अशी गोष्ट सांगतात. ते असो. आयबीएमने त्याला नोकरीवर घेतलं आणि १९३८ मध्ये ‘आयबीएम ८०५’ हे उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आलं. विद्यार्थ्याने ज्या जागी पेन्सिलीने काळं केलं तिथून प्रवाह जातो, आणि काट्यावर गुण दिसतात. म्हणून पेन्सिल विशिष्टच हवी, गोल पूर्ण भरायला हवा, खोडलं तर नीट खोडायला हवं. आपल्या शालेय स्पर्धा परीक्षांत आजही ज्या सूचना मोठ्याने वाचून दाखवतात, त्यांचं मूळ त्या मास्तराच्या खटपटीत आहे. आणि याचा परिणाम प्रश्नांवरही झाला. यंत्राला निबंध वाचता येत नव्हता. त्यामुळे पाच पर्यायांत बसेल तेच विचारायचं, हे आपोआप ठरलं.

बरं, या परीक्षेने नेमकं काय शोधायचं होतं? हे नीट लक्षात घ्या, कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा भार या एका मुद्द्यावर आहे. प्रश्न एवढाच होता, की हा उमेदवार पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तग धरेल का? पहिल्या वर्षी हिशेब, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असतं, रोज पानंच्या पानं वाचायची असतात. ते त्याला झेपेल का? तो चांगला व्यवस्थापक होईल का, कारखाना चालवेल का, संप मिटवेल का, हे विचारलेलंच नव्हतं. तसं मोजण्याचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. एका काळी या परीक्षेत व्यवहारातल्या निर्णयावरचा एक विभाग असायचा. एका धंद्याची हकिगत द्यायची, आणि मग त्यातली एकेक गोष्ट घेऊन विचारायचं, की निर्णय घेताना हे उद्दिष्ट आहे, महत्त्वाचा घटक आहे, किरकोळ घटक आहे, गृहीतक आहे की बिनमहत्त्वाची बाब? जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतून ते प्रश्न आम्ही वाचले आहेत. खरं सांगायचं तर वाचायला तेच सगळ्यात मजेदार वाटतात. पण महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होईलच असं नाही. तो विभाग काळाच्या ओघात गळाला. बिझनेसची परीक्षा म्हणवणाऱ्या या परीक्षेत बिझनेससारखं दिसणारं जे होतं, ते बाहेर गेलं. राहिले शब्द आणि आकडे.

आकड्यांतला एक प्रकार मात्र या परीक्षेची ओळख झाला. त्याला म्हणतात ‘डेटा सफिशियन्सी’, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे का ते सांगा. फळ्यावर एक उदाहरण लिहिलं आहे.

प्रश्न : कांद्याचा भाव किलोला किती?
विधान पहिलं : तीन किलो कांदे आणि दोन किलो बटाटे मिळून १३० रुपये झाले.
विधान दुसरं : सहा किलो कांदे आणि चार किलो बटाटे मिळून २६० रुपये झाले.

भाव काढायचाच नाही. फक्त सांगायचं, की पहिलं विधान एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. घाईतला विद्यार्थी काय करतो? दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे उत्तर निघणार, असं शाळेत शिकलेलं त्याला आठवतं आणि तो ‘दोन्ही मिळून’ वर खूण करतो. चूक! दुसरं विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. नवीन काहीच कळलेलं नाही. कांदा तीसचा आणि बटाटा वीसचा असू शकतो, कांदा चाळीसचा आणि बटाटा पाचचाही असू शकतो. बाजारात वीस वर्षं बसणारी एखादी भाजीवाली बाई हे क्षणात ओळखेल आणि गणितात पहिला येणारा मुलगा फसेल, असं होऊ शकतं. हा प्रश्नप्रकार आम्हाला मनापासून आवडतो. निर्णय घेण्याआधी आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे तपासायची सवय तो विचारतो. सगळ्या परीक्षेत व्यवस्थापनाच्या जवळ जाणारं काही असेल तर ते हे. आपल्याकडच्या कॅटच्या जुन्या पेपरांतही हा प्रकार आला, तो इथूनच.

कॅटचा विषय निघालाच आहे तर एक धागा दाखवतो. १९५९ मध्ये अमेरिकेत बिझनेस शिक्षणावर दोन मोठे अहवाल निघाले. एक फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांचा, दुसरा कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पीअर्सन यांचा. दोघांनीही या शाळांची सालटी काढली. अभ्यासक्रम उथळ, संशोधन कमी, विद्यार्थी निवडण्याचे निकष ढिले. त्या काळी इतर विभागांचे प्राध्यापक बिझनेस स्कूलला धंदेशिक्षणाची शाळा समजत. हा शिक्का पुसायचा असेल तर विद्यार्थी हुशार आहेत हे दाखवायला हवं, आणि ते दाखवायला आकडा हवा. म्हणजे पाच वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला मोजायला आणलेली परीक्षा आता शाळेची अब्रू सांभाळायलाही उपयोगी पडू लागली.

त्याच १९५९ मध्ये, त्याच फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने, कॅलिफोर्नियातले प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स भारतात आले आणि त्यांच्या शिफारशीतून १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद इथे आयआयएम उभ्या राहिल्या. कलकत्त्याला एमआयटीचं साहाय्य होतं, अहमदाबादला हार्वर्डचं. दुसऱ्या संस्थेसाठी आधी मुंबईचा विचार झाला होता. विक्रम साराभाई आणि मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी चपळाई केली आणि ती गुजरातेत गेली. राज्यं वेगळी होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे ही हळहळ मुंबईत बराच काळ ऐकू यायची. पुढे १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज संस्था सुरू केली, ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने. सांगायचा मुद्दा असा, की अमेरिकन बिझनेस स्कूल आपल्याकडे आलं ते अभ्यासक्रम, केस स्टडी आणि गाळणी असं एकत्रच आलं. गाळणीचं नाव इथे वेगळं पडलं, एवढंच.

पुन्हा अमेरिकेत जाऊ. १९७० मध्ये शाळांनी परीक्षेचा कारभार पाहायला स्वतःची परिषद स्थापन केली. तीच आजची जीमॅक. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की परीक्षा देणाऱ्याला नंतर प्रश्न आणि उत्तरं पाहायला मिळाली पाहिजेत. तोपर्यंत विद्यार्थ्याला मिळायचा तो फक्त आकडा. कुठे चुकलं, प्रश्नच चुकीचा होता का, हे विचारायची सोय नव्हती. तुमच्या आयुष्याचा निर्णय ज्या कागदावर होतो तो कागद तुम्हाला दाखवायचा नाही, हे चालू होतं पंचवीस वर्षं. आणि याच काळात क्लास वाढले. स्टॅनली कॅप्लन यांनी १९३८ मध्ये ब्रुकलिनला घरच्या तळघरात शिकवणी सुरू केली होती. या परीक्षांसाठी शिकवणीचा उपयोग होत नाही, त्या अंगभूत क्षमता मोजतात, असं परीक्षावाले वर्षानुवर्षं सांगत राहिले. कॅप्लन यांचे विद्यार्थी मात्र गुण वाढवून दाखवत राहिले. १९८४ मध्ये त्यांची कंपनी वॉशिंग्टन पोस्टने विकत घेतली. शिकवणीचा उपयोग होत नसता तर एक वृत्तपत्र कंपनी ती विकत कशाला घेईल?

आता या इतिहासातली आम्हाला सगळ्यात बोलकी वाटणारी घटना. १९८० च्या दशकाच्या मध्यात हार्वर्ड बिझनेस स्कूलने जीमॅट मागणंच बंद केलं. ज्या नऊ शाळांनी परीक्षा जन्माला घातली त्यांतलीच ही एक! आणि हे चाललं जवळजवळ दहा वर्षं. त्या दहा वर्षांत हार्वर्डचा दर्जा बुडाला का? तसं कुणी म्हटलेलं आमच्या वाचनात नाही. तिथून बाहेर पडलेली माणसं मोठमोठ्या पदांवर गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यात परीक्षा परत आली.

त्या मधल्या दहा वर्षांत एक बदल झाला होता. ‘यूएस न्यूज’ या साप्ताहिकाने बिझनेस स्कूल्सच्या क्रमवाऱ्या छापायला सुरुवात केली होती, आणि १९९० पासून त्यांत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी जीमॅटलाही वजन होतं. हा क्षण ओळखा. विद्यार्थ्याला जोखण्यासाठी असलेला आकडा आता शाळेला जोखू लागला. ६८० चा एक अनुभवी, कर्तबगार अर्जदार आणि ७४० चा एक सामान्य अर्जदार समोर आले, तर पहिल्याला घेण्याची किंमत शाळेला क्रमवारीत मोजावी लागणार. शाळा असं उघड म्हणत नाहीत. पण सरासरी वर्षागणिक वाढत गेली आणि शाळांनी ती अभिमानाने छापली, हे सगळ्यांसमोर आहे.

आकडा किती बोलतो, हेही बघू. जुन्या २०० ते ८०० च्या मापावर परीक्षा घेणाऱ्यांनीच सांगितलेली मोजणीतली चूक ३० ते ४० गुणांची होती. म्हणजे आज ७०० मिळालेल्याला पुढच्या महिन्यात, अभ्यास न वाढवता, ६७० किंवा ७३० मिळू शकतात. दुसरं, परीक्षेचे गुण आणि पहिल्या वर्षाचे गुण यांचा सहसंबंध. उदारपणे ०.५ धरला, तरी त्याचा वर्ग येतो ०.२५. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांतल्या फरकाचा पाव भाग परीक्षा सांगते, पाऊण भाग दुसरीकडे कुठेतरी असतो. हे वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. कॉलेजच्या गुणपत्रिकेपेक्षा किंवा शिफारसपत्रापेक्षा ही परीक्षा बरीच कामाची ठरते, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. मूळ छोट्या प्रश्नाचं उत्तर ती बऱ्यापैकी देते. ७१० आणि ७३० मधला फरक खरा मानून दोन माणसांची आयुष्यं वेगळी करणं, हे मात्र तिच्या कुवतीबाहेरचं आहे.

ऑक्टोबर १९९७ मध्ये पेन्सिल गेली आणि परीक्षा पूर्णपणे संगणकावर आली. ती फक्त पडद्यावर आली असं नाही, तिची चालच बदलली. तालमीत नवा गडी आला की वस्ताद त्याची जोड कशी लावतात? आधी मध्यम ताकदीचा पोरगा देतात. त्याला चीत केलं तर त्याहून तगडा. हरला तर जरा हलका. आठदहा जोडी झाल्या की वस्तादांना कळतं, हा कुठे बसतो. संगणक तेच करतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार विद्यार्थ्याची आणि साधारण विद्यार्थ्याची बरोबर उत्तरं संख्येने जवळपास सारखीच असू शकतात. फरक असतो तो कुठल्या ताकदीच्या प्रश्नांशी झुंजला याचा. परीक्षा देऊन बाहेर येणारी मुलं म्हणतात, ‘सगळा पेपर अवघड गेला’. तो अवघड जावा अशीच रचना आहे.

याची एक किंमत होती. मागे जाता येत नाही. दिलेलं उत्तर बदलता येत नाही. सोपे प्रश्न आधी, अवघड नंतर, शेवटी उरलेल्या वेळात पुन्हा एक नजर, ही आपल्याकडे पहिलीपासून शिकवलेली रीत इथे बाद झाली. दुसरी किंमत गुप्ततेची. प्रश्नांच्या साठ्यातून तेच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना येणार, म्हणजे परीक्षा देऊन आलेल्याने तोंड उघडलं की साठा फुटला. २००८ मध्ये स्कोअरटॉप नावाच्या संकेतस्थळावर असे जिवंत प्रश्न फिरत असल्याचं उघड झालं, जीमॅक कोर्टात गेली आणि ८४ जणांचे गुण रद्द झाले. न्यूयॉर्कच्या कायद्याने १९७९ मध्ये जो उघडेपणा मागितला होता, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला परीक्षा गेली होती.

निबंधाचीही गंमत ऐका. १९९४ मध्ये शाळांच्या आग्रहावरून लेखनाचा विभाग आला. १९९९ पासून ते निबंध तपासायला एका माणसाच्या जोडीला संगणकाचा कार्यक्रम बसवला. २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा निबंधच काढून टाकला. यंत्राला वाचता येत नाही म्हणून जो प्रकार नव्हता, तो यंत्र वाचू लागल्यावर काही वर्षांनी गेला.

या २०२३ च्या आवृत्तीत आणखी बरंच बदललं. परीक्षा सव्वादोन तासांची झाली, ६४ प्रश्न, ४५ मिनिटांचे तीन विभाग. वाक्यसुधारणेचे प्रश्न गेले. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत आमचं निरीक्षण असं, की तर्खडकरी पद्धतीने नियम घोकून इंग्रजी शिकलेल्यांना हा विभाग, सरावानंतर, उताऱ्यांपेक्षा जवळचा वाटायचा. कर्ता-क्रियापद जुळतंय का, सर्वनाम कुणाला लागतंय, हे नियमाने ओळखता यायचं. तो आधार गेला. उत्तर बदलायची सोय मात्र परत आली, प्रत्येक विभागात तीन उत्तरांपुरती. सव्वीस वर्षांनी खोडरबर मिळालं, पण मोजून तीन वेळा वापरायला.

गुणांचं मापही बदललं, आणि त्यामागे आशियातले, त्यांत आपलेही, विद्यार्थी आहेत. गणिताच्या विभागात जुन्या मापावर सर्वोच्च गुण ५१. भारत आणि चीनमधून गणिताची पक्की तयारी असलेले इतके उमेदवार आले, की ५१ पैकी ५० मिळवणारासुद्धा नव्वदच्या पर्सेंटाइलखाली गेला. वरच्या टोकाला गर्दी झाली, फूटपट्टीवरच्या रेघा एकमेकींवर आल्या. म्हणून नवं माप २०५ ते ८०५, आणि प्रत्येक गुणसंख्या ५ वर संपणारी, म्हणजे जुन्या आकड्याशी घोटाळा होऊ नये. जुने ७०० म्हणजे नवे साधारण ६४५. ‘सातशेच्या वर’ हे शब्द दोन पिढ्यांनी डोक्यात पक्के केलेले असल्यामुळे ६४५ ऐकून घरोघरी आईवडिलांचे चेहरे उतरतात, ही त्यातली आणखी एक गोष्ट.

२०२० च्या साथीत केंद्रं बंद पडली तेव्हा परीक्षा काही आठवड्यांत घरून देता येऊ लागली, आणि अनेक शाळांनी ती तात्पुरती माफही केली. काहींनी ती सवलत पुढेही ठेवली. जीआरई तर हार्वर्डने २००९ पासूनच चालवून घेतली होती. आज एमबीएसाठी जीमॅट ही एकच वाट राहिलेली नाही.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथे देतो, कारण तो विचारणाऱ्या ताई स्वतः परीक्षा दिलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, मला नव्या मापावर ६३५ आहेत. हव्या त्या शाळेची सरासरी ६५५ आहे. पुन्हा देऊ का? अमेरिकेत फी २७५ डॉलर, इथेही वीस हजारांच्या पुढे जाते, शिवाय रजा.’

आम्ही त्यांना सांगितलं, की नियमाने १६ दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. पण आत्ताच पाहिलंत, वीस गुणांचा फरक मोजणीच्या चुकीत बसतो. सरासरी म्हणजे किमान पात्रता नव्हे, निम्म्याच्या आसपास लोक तिच्या खालीच असतात. सराव परीक्षांत सातत्याने ६६५-६७५ येत असतील आणि त्या दिवशी काही बिघडलं असेल, तर जरूर द्या. सरावातही ६३५ च येत असतील, तर ते पैसे आणि तो महिना अर्जातल्या निबंधांवर, शिफारस देणाऱ्या वरिष्ठांशी नीट बोलण्यावर घाला.

ताई म्हणाल्या, ‘सरावात ६२५ ते ६४५ येतात.’ मग जरा थांबून त्यांनी विचारलं, ‘हे गुण पाच वर्षं चालतात ना?’

हो, पाच वर्षं चालतात.